टाकी बांधली, आता राखणार कोण?

खेड्यात नवे घर उभे राहिले म्हणजे पूर्वी गावकरी चौकट, गोठा आणि धान्याची कणगी पाहून घरधन्याची ऐपत ठरवीत. आता त्यात संडासाच्या टाकीची भर पडली आहे. टाकी जितकी खोल व लांबरुंद, तितका घरधनी दूरदृष्टीचा, असा समज सर्वत्र रूढ होत आहे. "पंधरा वर्षे झाली, आमच्या टाकीचे झाकण एकदाही उघडावे लागले नाही," असे सांगताना कित्येक शेतकऱ्यांच्या मुद्रेवर समाधान दिसते. हे समाधान अस्थानी आहे. ज्या टाकीचे झाकण पंधरा वर्षांत उघडले नाही, तिचे काम बहुधा केव्हाच थांबलेले असते, आणि तिच्यातील घाण शेजारच्या विहिरीच्या दिशेने मुकाट्याने चालू लागलेली असते. "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण अब्रूला लागू असेल. संडासाच्या टाकीला ती लागू नाही.

महाराष्ट्रात गावाच्या स्वच्छतेचा विचार नवा नाही. संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापन केला व मैल्याचे खत करणाऱ्या सोप्या संडासाचे प्रयोग केले. तो संडास पुढे 'गोपुरी संडास' या नावानेच ओळखला गेला. २००० साली गाडगेबाबांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान आले आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी देशाचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. घरोघरी संडास बांधण्याचे काम फार मोठे होते, यात शंका नाही. परंतु विहीर खणली म्हणजे मळा पिकत नाही, तद्वत संडास बांधला म्हणजे गाव निरोगी होत नाही. बांधणे हे अर्धे काम. राखणे हे उरलेले अर्धे, आणि ते अद्याप व्हावयाचे आहे.

टाकीत काय घडते

टाकीचे कार्य समजले नाही म्हणून तिची हयगय होते. वस्तुतः ते समजण्यास कठीण नाही. संडासातून आलेले पाणी टाकीत एक-दोन दिवस स्वस्थ राहिले म्हणजे जड भाग तळाशी बसतो. हा गाळ होय. तेलकट व हलका भाग वर येऊन त्याची साय धरते. मधल्या थरातील पाणी बाहेर जाणाऱ्या नळाने शोषखड्ड्यात जाते. तळाच्या गाळावर हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू काम करतात व त्याचा काही भाग वायुरूपाने नळीवाटे निघून जातो. मात्र सर्व गाळ जिरत नाही. दरवर्षी थोडाथोडा साठत जातो आणि पाणी स्वस्थ राहण्याची जागा तितकीच आक्रसत जाते. अखेर गाळच पाण्याबरोबर वाहू लागतो, शोषखड्ड्यात उतरतो आणि मातीची छिद्रे बुजवितो. एकदा माती अशी बुजली की टाकी उपसूनही तो खड्डा पूर्ववत पाणी शोषीत नाही. पुष्कळदा नवा खड्डाच खणावा लागतो. दोन-तीन वर्षांनी येणारा उपशाचा लहान खर्च टाळणाऱ्यास हा मोठा खर्च शेवटी सोसावा लागतो.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. ते दिसावयास बरे दिसले तरी पटकी, विषमज्वर, हगवण व कावीळ यांचे रोगबीज त्यात असू शकते. टाकी फक्त गाळ धरून ठेवते. रोगबीज गाळून मारण्याचे काम शोषखड्ड्याभोवतीची माती करते. म्हणून ज्या घरी टाकी आहे पण शोषखड्डा नाही, आणि टाकीचा नळ थेट रस्त्याच्या गटारात सोडलेला आहे, त्या घरी संडास असून नसल्यासारखा आहे. पूर्वी जी घाण गावाबाहेरच्या माळावर पडत असे, ती आता मुलांच्या खेळण्याच्या जागेतून वाहते, एवढाच काय तो फरक.

न भरणारी टाकी

आता त्या पंधरा वर्षे न भरलेल्या टाकीकडे वळू या. पाच माणसांच्या कुटुंबास सुमारे दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद व एक मीटर पाण्याची खोली असलेली टाकी पुरते आणि ती दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. खोली खूप मोठी केली तर हा काळ काही प्रमाणात लांबतो, परंतु गाळ साठण्याचे थांबत नाही. मग टाकी "भरत" कशी नाही? कारण बहुधा तिचा तळ बांधलेलाच नसतो, किंवा भिंतींस आतून गिलावा नसतो, किंवा गाळ नळावाटे पुढे वाहून जात असतो. म्हणजे तिला टाकी म्हणणे चूक. तो एक मोठा गळका खड्डा होय. गाळ कोठेतरी गेलाच आहे. तो कोठे गेला, हे विचारणे प्रत्येक घरधन्याचे कर्तव्य आहे.

या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या स्वभावात आहे. कोकणातील जांभा दगड सच्छिद्र असतो व त्यातून पाणी झपाट्याने उतरते. ते पुरेसे गाळले जाण्यापूर्वीच विहिरीस मिळू शकते. देशावरील काळ्या पाषाणात भेगा असतात आणि त्या भेगा म्हणजे जमिनीखालचे पाटच होत. काळी माती पावसाळ्यात फुगून पाणी जिरू देत नाही व उन्हाळ्यात भेगाळते. सबब एकाच मापाचा खड्डा सर्व जिल्ह्यांत चालेल असे मानणे धोक्याचे आहे. टाकीचे पाणी मुरविणारा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा, हा सर्वसाधारण नियम होय; जांभ्याच्या व भेगाळ खडकाच्या प्रदेशात तो नियम केवळ किमान मर्यादा म्हणून समजावा. विहीर उताराच्या खालच्या अंगास असेल तर अधिकच दक्षता हवी. जागा आखताना शेजाऱ्याची विहीरही स्वतःच्याच विहिरीइतकी मोजली पाहिजे.

माणसास टाकीत उतरवू नये

टाकीच्या हयगयीचे सर्वांत भयंकर फळ याहून निराळे आहे. अनेक वर्षे दुर्लक्षिलेली टाकी एके दिवशी तुंबते. सणवार किंवा लग्नकार्य तोंडावर असते. घाईघाईने कोणा गरिबास बोलाविले जाते आणि तो दोर धरून आत उतरतो. टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू असतो. थोड्या प्रमाणात त्यास कुजक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, आणि धोका टळला असे वाटत असतानाच माणूस कोसळतो. त्यास वाचविण्यास दुसरा उतरतो, दुसऱ्यास वाचविण्यास तिसरा. एका टाकीने एकाच घरातील दोन-तीन माणसे नेल्याची वृत्ते वारंवार येतात, त्याचे कारण हेच.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर १९९३ साली कायद्याने बंदी आली. २०१३ च्या अधिक व्यापक कायद्याने आवश्यक ती साधने व खबरदारी यांवाचून कोणासही गटारात वा टाकीत सफाईसाठी उतरविणे हा गुन्हा ठरविला. पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा केवळ नगरपालिकांना नाही. काम करवून घेणाऱ्या कोणाही व्यक्तीस तो बांधतो. अशा मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये भरपाई ठरविली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख करण्यात आली. परंतु भरपाईने माणूस परत येत नाही. शिवाय टाकीत उतरणारा मनुष्य कोण असतो, हेही गावाने प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. ज्या जातींवर समाजाने पिढ्यान् पिढ्या हे काम लादले, त्यांच्यातीलच तो बहुधा असतो. तेव्हा वेळेवर टाकी न उपसणे हा घरगुती आळस नव्हे. तो दुसऱ्याच्या जिवावर उदार होण्याचा प्रकार आहे.

खेड्यास कोणता संडास इष्ट

यावरून असे म्हणावे लागते की, ज्या खेड्यात मैला उपसणारी यांत्रिक गाडी सहज पोचत नाही आणि पोचली तरी गाळ नेऊन टाकण्यास योग्य जागा नाही, तेथे नवी मोठी टाकी बांधण्याचा सल्ला देऊ नये. तेथे दोन शोषखड्ड्यांचा संडासच श्रेयस्कर. सुमारे एक मीटर व्यासाचे व तितक्याच खोलीचे दोन खड्डे, त्यांत निदान एक मीटर अंतर, आणि भांड्यापासून येणारा नळ ज्यातून दोन फाट्यांनी निघतो असा एक चेंबर, एवढीच याची रचना. एक फाटा बंद ठेवून एकच खड्डा वापरावयाचा. तो भरला की फाटा बदलून दुसरा सुरू करावयाचा. भरलेला खड्डा दीड ते दोन वर्षे मिटून ठेवला म्हणजे त्यातील मैल्याचे कोरडे, काळसर व दुर्गंधीरहित खत बनते आणि घरधनी ते फावड्याने स्वतः काढू शकतो. गाडी नको, यंत्र नको आणि कोणाच्या जिवास धोका नको.

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात व ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा की, काळ्या मातीत खड्डे पाणी शोषीत नाहीत. हा आक्षेप खरा आहे, पण त्यास उपाय आहे. खड्ड्याच्या बांधकामाबाहेर चोहोंकडून सुमारे ३० सेंटिमीटर जाडीचा वाळूचा किंवा खडीचा थर दिल्यास फुगणारी माती बांधकामापासून दूर राहते. भेगाळ खडकात किंवा जाड वाळूत तळ बंद करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळू भरतात, म्हणजे पाणी गाळून जाते. पाणथळ जागी खड्डा जमिनीच्या वर उचलून घेता येतो. आणि स्नानाचे व धुण्याचे पाणी या खड्ड्यात मुळीच सोडू नये. ते परसबागेस किंवा वेगळ्या शोषखड्ड्यास द्यावे. पुष्कळ ठिकाणी खड्डे तुंबतात ते मातीच्या दोषाने नव्हे, तर न्हाणीचे पाणी आत सोडल्याने.

दुसरा आक्षेप किळसेचा आहे आणि तोच खरा अडसर होय. शेणात हात घालून गोवऱ्या थापणाऱ्या, उकिरडा उपसून गाडी भरणाऱ्या शेतकऱ्यास खताची किळस नसते. दोन वर्षे मिटलेल्या खड्ड्यातील माती शेणखताहून अधिक घाण नसते. तरीही हात मागे येतो, कारण किळस पदार्थाची नसून त्या कामाशी जोडलेल्या जातीच्या कल्पनेची आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे सचिव परमेश्वरन अय्यर यांनी तेलंगणातील गंगादेवीपल्ली गावी स्वतः खड्ड्यात उतरून असे खत बाहेर काढले. अशा एका कृतीने जे समजते, ते दहा व्याख्यानांनी समजत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम स्वतःच्या घरचा खड्डा गावकऱ्यांसमोर उघडून दाखवावा; मग दुसऱ्यास उपदेश करावा.

जुन्या शेतकऱ्यांनी या खतास सोनखत म्हटले, ते उगीच नव्हे. त्यात नत्र व स्फुरद असून जमिनीस भुसभुशीत करणारा सेंद्रिय अंशही असतो. मात्र त्याचे अवास्तव माहात्म्यही सांगू नये. एका कुटुंबाच्या खड्ड्यातून निघणाऱ्या खताने एकरभर ऊस पिकणार नाही. चार-पाच आंबे-नारळांच्या आळ्यांस ते पुरेल, इतकेच. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीस ते देऊ नये, कारण जंतांची अंडी फार चिवट असतात. आणि टाकीतून नुकताच उपसलेला ओला गाळ कोणत्याही पिकास तसाच घालणे सर्वथा वर्ज्य समजावे.

ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांच्यासाठी

टाकी बांधून झालेल्या लाखो घरांनी आता काय करावे? टाकी पाडण्याचे कारण नाही. तिला शिस्त लावावी. काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. टाकीतून निघणारे पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडावे.

२. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, गाळ मोजावा. लांब काठीस खालच्या बाजूने पांढरे जाडेभरडे कापड गुंडाळून ती तळापर्यंत सोडावी व काही मिनिटांनी हळूच काढावी. काळा डाग जेथपर्यंत येतो, तेवढा गाळ. गाळ व साय मिळून पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा झाला की उपशाची व्यवस्था करावी. झाकण उघडताना विडी-काडी पेटवू नये, आत डोकावू नये व मुलांस दूर ठेवावे.

३. भांड्यात राख, चिंध्या, प्लास्टिक, पाळीची कापडे वा पॅड, तळणीचे तेल टाकू नये. आम्ल व फिनाईल यांचा अतिरेक करू नये. फवारणीचा पंप धुतलेले औषधी पाणी तर कधीही ओतू नये. ते टाकीतील उपयुक्त जंतू मारते.

४. गूळ, यीस्ट किंवा बाजारातील पूड घातली म्हणजे टाकी उपसावी लागत नाही, या समजुतीवर विसंबू नये. लागणारे जंतू मैल्यातच असतात.

५. वायू जाण्याच्या नळीच्या तोंडास बारीक जाळी बांधावी. क्युलेक्स जातीचे डास अशा टाकीत वाढतात व हत्तीरोग पसरवितात. विदर्भातील गावांनी याकडे विशेष लक्ष पुरवावे.

६. टाकीवरून ट्रॅक्टर वा बैलगाडी नेऊ नये. छपराचे पाणी टाकीवर पडू देऊ नये. जवळ खोल मुळांचे झाड लावू नये.

७. उपसा यंत्राच्या गाडीनेच करावा. तळाशी थोडा गाळ राहू द्यावा, म्हणजे जंतूंचे विरजण कायम राहते. उपशाची तारीख टाकीजवळच्या भिंतीवर रंगाने लिहावी. दोन खड्ड्यांच्या संडासासही हाच नियम लावावा: फाटा कोणत्या दिवशी बदलला, ते भिंतीवर लिहिलेले असावे. तेथे एक चूक फार आढळते. दोन्ही फाटे एकदम उघडे असतात, त्यामुळे दोन्ही खड्डे ओलेच भरतात व दुसऱ्या खड्ड्याचा हेतूच नाहीसा होतो.

भांड्यातून पाणी सावकाश उतरणे, नळात गुडगुड होणे, शोषखड्ड्याभोवती ओल वा दुर्गंधी येणे ही टाकीची हाक आहे. ती ऐकून लगेच तजवीज करणारा सुटतो. पुढच्या सुगीपर्यंत थांबणाऱ्याच्या अंगणात मात्र पावसाळ्यातच घाण येते.

पंचायतीचे काम

हे सर्व एकट्या घरधन्यावर सोपविणे न्याय्य होणार नाही. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या घरांनी गाडी बोलाविली तर खर्च जड होतो, आणि गाडीवाला रात्री ओढ्यात गाळ सोडून मोकळा होतो. म्हणजे एका घराची घाण उपसून साऱ्या पंचक्रोशीस वाटली जाते. याऐवजी पंचायतीने गावातील टाक्यांची व खड्ड्यांची नोंदवही ठेवावी, घरांचे तीन गट पाडावेत आणि दरवर्षी एका गटाच्या टाक्या एकाच फेरीत उपसून घ्याव्यात. सातारा जिल्ह्यातील वाई नगरपरिषदेने २०१८ पासून तीन वर्षांच्या क्रमाने शहरातील टाक्या उपसण्याची अशीच पद्धत घालून दिली व गाळावर प्रक्रिया करणारे केंद्रही उभारले. एका खेड्यास असे केंद्र परवडणार नाही; परंतु शेजारच्या चार-पाच गावांनी मिळून गाडी ठरविणे आणि शहरातील केंद्राशी करार करणे अशक्य नाही. केंद्र दूर असल्यास, विहिरी-ओढ्यांपासून लांब व भूजल खोल असलेल्या जागी चर खणून त्यात गाळ घालावा, वर जाड माती लोटावी व त्यावर झाडे लावावीत.

आजवर कार्यकर्त्याचे यश किती संडास बांधले यावरून मोजले गेले. यापुढे ते किती खड्ड्यांचे फाटे वेळेवर बदलले, किती टाक्या ठरल्या वर्षी उपसल्या आणि पावसाळ्यात किती विहिरींचे पाणी तपासणीत निर्दोष ठरले, यावरून मोजले जावे. हे आकडे फलकावर शोभणारे नाहीत. परंतु गावाचे आरोग्य त्यांवरच अवलंबून आहे.

शेतकरी औताचा फाळ शेवटून घेतो, मोटेच्या जागी आलेल्या पंपास वंगण देतो, बैलाच्या खुरास नाल मारतो. जे वापरावयाचे ते राखावयाचे, हा त्याचा जुना धर्म आहे. संडासाची टाकी दृष्टीआड असते म्हणून तिला या धर्मातून वगळण्याचे कारण नाही. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घरधन्याने एक काठी, एक कापड आणि अर्धा तास यासाठी द्यावा. झाकण उघडून जे दिसेल ते पाहावे, आणि तारीख भिंतीवर लिहावी. शेजारच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायामुलांप्रती एवढे कर्तव्य त्याने केलेच पाहिजे.